वाघिणीचं दूध कोणी पाजायचं? ‘नेटिव्ह’ मास्तरांची दोनशे वर्षांची गोष्ट

इंग्रजी शिकवणाऱ्या ‘नेटिव्ह’ आणि ‘नॉन-नेटिव्ह’ शिक्षकांबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हा विषय पीएच.डी.साठी बऱ्याच जणांना खुणावतो. दिसायला सोपा आहे. एक प्रश्नावली, तीन-चार कॉलेजं, शे-दीडशे विद्यार्थी, टक्केवारीचे तक्ते, की झालं प्रकरण चार. पण हाच विषय घेऊन तुम्ही वाशिम, रिसोड किंवा कारंज्याच्या कॉलेजात गेलात, की पहिल्याच शब्दाला ठेच लागते. इथे ‘नेटिव्ह’ म्हणायचं कोणाला?

प्रश्न उगाच काढलेला नाही. एकोणिसाव्या शतकातले शिक्षण खात्याचे अहवाल उघडून बघा. तिथे ‘नेटिव्ह टीचर’ म्हणजे इथला माणूस. धोतर-पगडीतला, मराठी किंवा गुजराती बोलणारा, इंग्रजी शिकून इंग्रजी शिकवणारा. मुंबईत १८२०च्या दशकात शाळा आणि पुस्तकं काढणारी जी संस्था होती, तिचं नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ साली पत्र काढलं, त्याचं नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’. आणि आजच्या भाषाशिक्षणाच्या जर्नलमध्ये ‘नेटिव्ह टीचर’ म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा, बहुतेक वेळा परदेशी माणूस. शब्द तोच राहिला आणि माणूस पूर्ण उलटा झाला.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर तळटीपेत भागलं असतं. पण यामागे एक मोठी गोष्ट आहे. ‘चांगला इंग्रजीचा शिक्षक’ ही विद्यार्थ्याच्या मनातली प्रतिमा एकट्या वर्गात तयार होत नाही. नेमणुकीचे नियम, पगार, परीक्षा आणि जात यांचा तिच्यावर आधीच हात फिरलेला असतो. महाराष्ट्रात तो कसा फिरला, हे या लेखात बघू. शेवटी वाशिमच्या आजच्या वर्गात येऊ, कारण तुमची प्रश्नावली तिथेच वाटली जाणार आहे.

देणगीतच घातलेली अट

१८२७ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन विलायतेला परत निघाले. त्यांची आठवण म्हणून मुंबईतल्या हिंदी लोकांनी निधी जमवला. रक्कम दोन लाख रुपयांच्या वर गेली. या पैशातून इंग्रजी भाषा आणि युरोपातल्या विद्या शिकवणारे प्राध्यापक नेमायचे ठरले. ठराव करताना त्यात एक अट घातली गेली: इथले लोक या जागा सांभाळायला पूर्ण लायक होण्याची ती शुभवेळ येईपर्यंत प्राध्यापक ग्रेट ब्रिटनमधूनच आणावेत.

ही अट नीट वाचा. पैसा इथल्या लोकांचा, मुलं इथली, आणि शिक्षक मात्र ‘तिकडचा’. पण ‘कायम तिकडचाच’ असं तिच्यात म्हटलेलं नाही. आपली माणसं एक दिवस लायक होतील, हे त्याच वाक्यात गृहीत आहे. ‘लायक’ कधी झाले आणि ते ठरवायचं कोणी, हे मात्र मोकळं सोडलेलं आहे. पुढची शंभर वर्षं भांडण चाललं ते या मोकळ्या जागेवरून.

त्या सुरुवातीच्या काळातच बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा मुलगा. मुंबईत येऊन इंग्रजी शिकला. १८३२ साली त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर असलेलं. १८३४ साली ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. ‘असिस्टंट’ या शब्दाकडे लक्ष द्या. माणसाची विद्वत्ता कोणी नाकारत नव्हतं, पण पदनामात एक पायरी खाली हे ठरलेलं होतं. वर्गातल्या पोराला दोन शिक्षकांच्या ज्ञानातला फरक कळायच्या आधी त्यांच्या खुर्च्यांमधला फरक कळत होता.

अकोल्याचा एम.ए.

आता मुंबईहून वऱ्हाडात येऊ. इथे वाशिमच्या संशोधकांसाठी एक कामाची गोष्ट सांगते. जुन्या कागदांत ‘वाशिम’ शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही. ‘बासीम’ शोधा. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. त्यात बासीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. बासीम आणि मंगरूळ अकोला जिल्ह्यात गेले, पुसद यवतमाळात. त्यानंतर १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. म्हणजे मधल्या त्र्याण्णव वर्षांचं वाशिम तुम्हाला अकोल्याच्या फायलींत शोधावं लागतं. शिक्षणाचंही तेच. वऱ्हाडात तेव्हा हायस्कूल म्हणजे अकोला नाहीतर अमरावती. कॉलेज तर वऱ्हाडात १९२३ पर्यंत नव्हतंच, त्या साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. त्याआधी वऱ्हाडातल्या पोराला पुढे शिकायचं तर वऱ्हाडाबाहेरची वाट धरावी लागे.

अकोल्याच्या या हायस्कुलात १८७०च्या दशकात एक विद्यार्थी होता, गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी असं फिरत फिरत नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला आलेला. आणि तिथे शिकवायला होते विष्णू मोरेश्वर महाजनी, एम.ए. आगरकरांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. या मुलाच्या हातून काही होणार नाही, अशा अर्थाचं काहीसं महाजनी बोलले आणि मुलाने ताडकन उत्तर दिलं की तुमच्यासारखाच एम.ए. होईन तरच नावाचा आगरकर. १८७५ साली आगरकर अकोल्याहून मॅट्रिक झाले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि पुढे खरंच एम.ए. झाले.

हा प्रसंग शाळेत आपण बाणेदारपणाचा नमुना म्हणून ऐकलेला असतो. संशोधक म्हणून जरा वेगळ्या नजरेने बघा. मुलाने ‘तुमच्यासारखा’ म्हटलं. समोरचा मास्तर मराठी बोलणारा होता, इंग्रजी त्याने कष्ट करून मिळवलेली होती, आणि म्हणूनच ‘मीही होईन’ हे वाक्य त्या मुलाच्या तोंडी येऊ शकलं. विलायतेहून आलेल्या प्राध्यापकाला कोणी ‘तुमच्यासारखा होईन’ म्हणू शकत नव्हता. त्याच्यासारखं व्हायला जन्मच दुसरीकडे घ्यावा लागला असता.

हंगेरीतले अभ्यासक पीटर मेजेश यांनी १९९४ साली ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ हे पुस्तक लिहिलं. नॉन-नेटिव्ह शिक्षकाची काही बलस्थानं ते सांगतात. हा शिक्षक विद्यार्थ्यापुढे शिकणाऱ्याचा आदर्श ठेवू शकतो. कुठे अडखळायला होतं हे त्याला आधीच माहीत असतं, कारण तो स्वतः तिथेच अडखळलेला असतो. शिवाय विद्यार्थ्याची मातृभाषा त्याला येत असते. अकोल्याच्या वर्गात ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षं आधी घडलेली दिसते. तिला नाव तेवढं नव्हतं.

महाजनी आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. त्यांनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणली. ‘सिंबेलीन’चं ‘तारा’ त्यांनी १८७९ साली केलं. हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर झालं तेव्हा प्रेक्षकांत हॅरल्ड लिटलडेल नावाचे इंग्रज शिक्षक होते. त्यांनी या प्रयोगावर १८८० साली लंडनच्या ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये लेख लिहिला. वऱ्हाडातल्या हायस्कूलच्या मास्तरने उभा केलेला शेक्सपिअर एक इंग्रज शिक्षक बसून बघतो आणि मायदेशातल्या वाचकांना त्याबद्दल सांगतो. विद्यार्थ्यानेही तीच वाट धरली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं. ते १८८३ साली ‘विकारविलसित’ नावाने आलं. इंग्रजीच्या या शिक्षकांनी इंग्रजी फक्त परीक्षेला उपयोगी ठेवली नाही, ती नाटकगृहापर्यंत नेली.

पाऊणशे रुपयांचं कॉलेज

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वाक्यातून निघणारा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे दूध वाघिणीनेच पाजायला हवं का? चिपळूणकरांनी त्याचं उत्तर कृतीने दिलं. सरकारी शाळेतली नोकरी सोडून जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. टिळक आणि माधवराव नामजोशी सुरुवातीपासून होते, वामन शिवराम आपटे लवकरच आले आणि एम.ए. झाल्यावर आगरकरही आले. शाळेच्या नावातच ‘इंग्लिश’ आहे, आणि शिकवणारे सगळे इथले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. उद्घाटन केलं एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांनी. हे कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू, आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. इंग्रजीचा याहून ‘अस्सल’ माणूस मिळणं कठीण! आणि तो उद्घाटन करतोय अशा कॉलेजचं, जिथे इंग्रजीसकट सगळं इथलेच लोक शिकवणार. पहिले प्राचार्य आपटे. इंग्रजी शिकवणाऱ्यांत वासुदेव बाळकृष्ण केळकर होते. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चं ‘त्राटिका’ करणारे ते हेच. पुढे गोपाळ कृष्ण गोखले आले. ते सुरुवातीला इंग्रजी आणि गणित शिकवत. आजीव सभासदांचा पगार महिना पंचाहत्तर रुपये.

या घटनेतून मला एक गोष्ट दिसते. इंग्रज प्राध्यापकाबद्दल आदर असणं आणि आपल्या शिक्षकांवर विश्वास असणं, या दोन गोष्टी त्या पिढीला एकमेकींच्या विरोधात वाटत नव्हत्या. वर्ड्‌स्वर्थांना मानाने बोलावलं आणि कॉलेज आपल्या हातात ठेवलं. आजच्या प्रश्नावलीत मात्र आपण विचारतो, ‘तुम्हाला कोण जास्त आवडतं, नेटिव्ह की नॉन-नेटिव्ह?’ आणि दोन चौकोन देतो. दोन्हींत टिक करायची सोयच नसते.

संस्कृतलाही ‘तिकडचा’ प्राध्यापक

आता कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच त्यांची, म्हणून इंग्रज प्राध्यापक वरचढ ठरणारच. हे तपासायला इतिहासात एक चांगलं उदाहरण आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काही वर्षं काम केलं. १८७३ साली ती जागा पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकर मागे राहिले. पुण्याला डेक्कन कॉलेजात किलहॉर्न गेल्यावर १८८२ मध्ये त्यांना तिथे संस्कृतची खुर्ची मिळाली. पीटरसन मोठे विद्वान होते, यात वाद नाही. पण संस्कृत शिकवायला जन्माने कोण जवळचा, हा निकष लावला असता तर निकाल काय आला असता ते सांगायला नको.

म्हणजे त्या काळी ‘तिकडचा’ शिक्षक मोठा ठरत होता, तो भाषेच्या जन्मसिद्ध मालकीमुळे नाही. सत्ता ज्यांची, त्यांच्या माणसाला वरची खुर्ची मिळायची, मग विषय संस्कृत का असेना.

पुढे हे नियमातच बसलं. १८८६-८७च्या पब्लिक सर्व्हिस कमिशननंतर, १८९६ मध्ये सरकारी शिक्षण खात्याच्या वरच्या जागांचे दोन भाग झाले. इंग्लंडमध्ये भरती होणारी ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’ आणि इथे भरती होणारी ‘प्रोव्हिन्शियल’. काम बरेचदा सारखं, पगार आणि मान वेगळा. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी याच भेदभावाचा निषेध म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात तीन वर्षं पगार घेतला नाही. त्यांचा विषय पदार्थविज्ञान. तिथे तर मातृभाषेचा संबंधच नाही.

एकच विषय शिकवणारे दोन शिक्षक आहेत, एकाला बंगला आणि घोडागाडी, दुसरा पायी येतो, असं वर्षानुवर्षं बघणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुमच्या मते चांगला शिक्षक कोण’ विचारलं, तर त्याच्या उत्तरात शिकवणं किती आणि घोडागाडी किती, हे कसं वेगळं करणार? व्हेरिएबल, कन्फाउंडिंग असे शब्द आपण कोर्सवर्कमध्ये पाठ करतो. त्यांचं याहून स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

फुल्यांचा प्रश्न: ‘आपला’ म्हणजे कोणाचा?

इथपर्यंत गोष्ट इंग्रज विरुद्ध हिंदी अशी सरळ वाटते. पण १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते वाचलं की चित्र बदलतं. फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचं म्हणणं असं की प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, आणि शक्य तेवढे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते त्या मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील.

बारकाईने बघा. फुल्यांची मागणी इंग्रजीच्या शिक्षकांपुरती नव्हती, ती एकूण प्राथमिक शिक्षणाबद्दल होती. पण शिक्षक ‘आपला’ असण्याचे जे फायदे ते सांगतात, ते मेजेश यांच्या यादीतल्या सहानुभूतीच्या आणि अडचणी ओळखण्याच्या मुद्द्यांजवळ जातात. फक्त फुल्यांच्या मांडणीत दरी भाषेची नाही, जातीची आहे. न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक इंग्रजांच्या दृष्टीने ‘नेटिव्ह’ होते, पण शेतकऱ्याच्या पोराच्या दृष्टीने ते ‘आपले’ होतेच असं नाही. मराठी दोघांची, तरी बोली वेगळी, घर वेगळं, पाणवठा वेगळा.

इथे साधनांबद्दल एक सावधगिरी. त्या काळच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांबद्दल काय वाटायचं, हे आपल्याला कळतं ते आठवणी, चरित्रं आणि पत्रांमधून. आणि आठवणी लिहितात कोण? जे शिकले, पास झाले, मोठे झाले ते. जो मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊन गावाला परत गेला, त्याने आपल्या मास्तरांबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. महाजनी-आगरकर प्रसंगसुद्धा आपल्यापर्यंत आला, कारण तो मुलगा आगरकर झाला. त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या कोणा मुलाला तेच बोलणं ऐकून शाळाच सोडावीशी वाटली असेल, तर त्याची नोंद कुठे मिळणार? पर्सेप्शनचा इतिहास लिहिताना ही रिकामी जागा प्रकरणात स्पष्टपणे दाखवावी लागते.

शब्द उलटला तो कधी?

स्वातंत्र्यानंतर इंग्रज प्राध्यापक गेले. इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसची भरती तर त्याआधीच, १९२४ मध्ये थांबली होती. मग ‘नेटिव्ह’ हा शब्द नव्या अर्थाने परत कसा आला?

१९६१ साली युगांडातल्या माकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. वसाहती सुटत होत्या, पण इंग्रजी शिकवण्याचा व्याप वाढत होता. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या ‘लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम’ या पुस्तकात दाखवलं की या परिषदेच्या विचारात काही गृहीतकं पक्की झाली. त्यांतलं एक असं की इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा. फिलिप्सन याला भ्रम म्हणतात. पुढे एड्रियन हॉलिडे यांनी या मनोवृत्तीला ‘नेटिव्ह-स्पीकरिझम’ असं नाव दिलं. १९९८ मध्ये टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नॉन-नेटिव्ह शिक्षकांचा स्वतंत्र गट झाला. विद्यार्थ्यांची मतं विचारणारे अभ्यास साधारण याच सुमाराला वाढू लागले.

१८२७ च्या ठरावाशेजारी १९६१ ठेवून बघा. पहिल्या ठरावात ‘लायक होईपर्यंत’ असा निदान शेवट तरी होता. जन्मावर बेतलेल्या निकषाला शेवटच नाही. कितीही शिका, जन्म काही बदलत नाही.

वाशिमच्या वर्गात

आता मूळ प्रश्नाकडे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, हे सहा तालुके. इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी जन्माने इंग्रजी बोलणारा शिक्षक वर्गात उभा असलेला पाहिलेलाच नाही. मग बाहेरची प्रश्नावली जशीच्या तशी आणून ‘नेटिव्ह शिक्षकाचे उच्चार चांगले असतात, सहमत की असहमत?’ असं विचारलं, तर विद्यार्थी कोणाबद्दल उत्तर देणार? यूट्यूबवरच्या गोऱ्या माणसाबद्दल? सिनेमाबद्दल? तक्ता नक्की तयार होईल, आकडेही येतील. पण ते न पाहिलेल्या शिक्षकाबद्दलचे असतील.

त्याच वेळी या वर्गांत ‘आपला’ आणि ‘तिकडचा’ हा फरक जिवंत आहे. तो फक्त वेगळ्या जागी आहे. कॉन्व्हेंटमधून शिकून आलेल्या मॅडम आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले सर, हा एक. पुण्या-नागपूरकडचे आणि इथले वऱ्हाडी बोलणारे, हा दुसरा. मानोऱ्याच्या बाजूला पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यावरून येणाऱ्या मुलीची घरची भाषा गोरमाटी, तिला मराठीच शाळेत आल्यावर शिकावी लागते. तिच्यासाठी मराठी माध्यमाचे सगळे शिक्षक एका अर्थाने ‘तिकडचे’. कारंजा, मंगरूळपीरच्या उर्दू शाळांतून आलेल्यांचा हिशोब आणखी वेगळा.

शिवाय २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी मराठी शाळेत ती पाचवीपासून असायची. म्हणजे जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले, त्यांच्यावर पहिलीच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्याची वेळ आली. या पिढीबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हा खरा संशोधनाचा विषय आहे. पण त्याला ‘नॉन-नेटिव्ह’ असं लेबल लावलं की तो दिसेनासा होतो.

आणि या शिक्षकाकडे काय असतं, याचं एक छोटं उदाहरण. वऱ्हाडीत आपण सर्रास म्हणतो, ‘मी जाऊन राह्यलो’, ‘तो जेवून राह्यला’. चालू वर्तमानकाळ समजवायला याहून चांगलं साधन नाही. ‘जाऊन राह्यलो’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’, मुलांच्या डोक्यात लगेच बसतं. पण आपण ‘मले समजून राह्यलं’ असंही म्हणतो, म्हणून पोरगा हमखास ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहितो. ही चूक कुठून आली हे वऱ्हाडी शिक्षकाला चटकन कळतं, कारण ती त्याच्याच घरची आहे. पुण्याच्या शिक्षकालाही ते सहज कळणार नाही, लंडनच्या तर दूरच. तुमच्या प्रश्नावलीत याबद्दल एकही प्रश्न नसेल, तर या शिक्षकाची ताकद मोजलीच जाणार नाही. आणि मग निष्कर्ष येईल, ‘विद्यार्थ्यांचा कल नेटिव्ह शिक्षकांकडे आहे’. तो निष्कर्ष एखाद्या नेमणुकीच्या वेळी, एखाद्या इंटरव्ह्यूमध्ये, तुमच्याच उच्चारांविरुद्ध वापरला जाईल.

मग अभ्यास करायचा कसा?

दोन जुने प्रयोग वाचून ठेवा. १९६० साली माँट्रिअलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाला इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत बोलायला लावून ध्वनिमुद्रण केलं. ऐकणाऱ्यांना वाटलं ही दोन वेगळी माणसं आहेत. इंग्रजीतल्या आवाजाला जास्त चांगले गुण मिळाले, आणि ते फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनीही दिले. दबलेल्या भाषेच्या लोकांनी स्वतःच स्वतःला कमी मार्क दिले. दुसरा १९९२ चा, अमेरिकेतल्या डोनाल्ड रुबिन यांचा. लेक्चरचा एकच आवाज ऐकवला, फोटो मात्र वेगवेगळे दाखवले. आशियाई चेहरा दाखवला तेव्हा विद्यार्थ्यांना त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली. कान डोळ्यांच्या सांगण्यावरून ऐकत होता.

वाशिममध्ये हे वापरायचं तर एकाच शिक्षिकेच्या आवाजात एकच पाठ रेकॉर्ड करा. एका गटाला सांगा की या मॅडम पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या, दुसऱ्याला सांगा की या मानोरा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या. मग दोन्ही गटांना किती समजलं ते तपासा, आणि प्रयोग संपल्यावर खरं काय ते मुलांना सांगा. एथिक्सच्या रकान्यात हे लिहावं लागेलच. यातून जे मिळेल ते प्रत्यक्ष विद्यार्थ्यांचं, प्रत्यक्ष इथलं असेल.

गाइडनी विचारलं की इंग्रजीच्या विषयात इतिहासाचं प्रकरण कशाला, तर त्यांना या मातीतलंच एक उदाहरण देता येईल. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ नावाच्या रचनेच्या रीतीचा उल्लेख येतो. ही वत्सगुल्मावरून नाव पडलेली रीत, म्हणजेच वैदर्भी. संस्कृत साहित्यशास्त्रात वैदर्भी रीतीला बहुतेकांनी सगळ्यांत वरचं स्थान दिलं. ज्या गावच्या बोलण्याला आज इंटरव्ह्यूत हसतात, त्या गावचं नाव एके काळी उत्तम रचनेला दिलेलं होतं. शुद्ध काय आणि अस्सल काय, याचे निकष बदलतात, आणि ते कोणीतरी बदलतं. ते कोणी आणि कधी बदलले हे तुमच्या प्रकरण दोनमध्ये असेल, तर प्रकरण चारमधल्या टक्केवारीला काही अर्थ येईल.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावर ‘नेटिव्ह’ची व्याख्या पुस्तकातून उतरवू नका. आधी दहा-बारा विद्यार्थ्यांशी नुसत्या गप्पा मारा, त्यांच्या बोलीत. ‘तुमच्या आवडत्या इंग्रजीच्या सरांबद्दल सांगा’ एवढंच विचारा आणि ते कोणाला ‘आपले’ म्हणतात, कोणाला ‘तिकडचे’, हे लिहून घ्या. प्रश्नावलीतले गट त्या शब्दांवरून पाडा.